पंपानं पाणी धरलं तेव्हा

घाबरायला तिला कारण लागत नसे. पाल दिसली की घाबरायची, फोन वाजला की घाबरायची, आणि बराच वेळ फोन वाजला नाही तर त्याहून जास्त घाबरायची. लग्न होऊन घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिला भागूबाई म्हणायला सुरुवात केली. ते नाव असं काही चिकटलं, की तिचं खरं नाव फक्त नवऱ्याच्या आणि बँकेच्या लक्षात राहिलं. क्लबाच्या फाटकावरचा वॉचमनसुद्धा "काय भागूबाई, आज लवकर?" असं बिनदिक्कत विचारायचा, आणि ही बयाही खुशाल ओ द्यायची.

सासऱ्यांना मात्र भीती म्हणजे काय ते माहीत नव्हतं. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. क्लबाचा पोहण्याचा तलाव त्यांनी उभा जन्म सांभाळला होता. आसपासच्या निम्म्या पोरांना त्यांनीच पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं. आता दात गेले होते, गुडघे कुरकुरत होते, पण एकदा पाण्यात शिरले की म्हातारा पुन्हा तरणा व्हायचा. त्यांचा जुना मदतनीस काम सोडून गेला. मुलगा जहाजावर, महिनोन्‌महिने लांब. तेव्हा ते सुनेला म्हणाले, "घरात बसून फोनला घाबरतेस, त्यापेक्षा माझ्याबरोबर चल. तिथे घाबर. हवा तरी मोकळी आहे."

आणि ती गेली, कारण एका गोष्टीला ती अजिबात घाबरत नव्हती, ती म्हणजे यंत्रं. शिवणयंत्र असो, मिक्सर असो, नाहीतर पाण्याची मोटर, आवाज ऐकून तिला कळायचं की याचं काहीतरी दुखतंय. "यंत्र बिघडायच्या आधी सांगतं," असं तिचं मत होतं, "माणसंच सांगत नाहीत." मग दोघांची वाटणी आपोआप झाली. पंपाची खोली सुनेची, पाणी सासऱ्यांचं. तलावाच्या काठानं चालायची वेळ आली तर ती भिंतीला घासून चालायची. सासरे कपाळाला हात लावायचे. "साऱ्या जगाला पोहायला शिकवलं, आणि माझ्याच घरात हे रत्न यायचं होतं!"

रोज सकाळी निघताना सासूबाई दारात उभ्या राहायच्या. "लक्ष ठेव गं यांच्यावर. पाण्यात शिरले की यांना स्वतःच्या वयाचा पत्ता राहत नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" सासरे चपला शोधत म्हणायचे.

"बाळ असता तर ऐकलं तरी असतंत."

भागूबाई हसायची, पण सासूबाईंचं ते 'लक्ष ठेव' तिच्या मनात जाऊन बसायचं. दिवसभर तिथेच असायचं.

तर झालं असं, की पंपानं पाणी ओढणं सोडलं. आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तलावातून पंपाकडे तीन पाइप यायचे. एक काठाचा, पाण्यावर तरंगणारी पानं आणि केरकचरा त्यातून जायचा. दुसरा झाडूचा, तळ झाडायचा लांब नळा त्याला जोडायचे. तिसरा तळाचा. तलावाच्या खोल बाजूला अगदी तळाशी एका जाळीखाली त्याचं तोंड होतं, पंजानं झाकता येईल एवढंच. पंपाच्या खोलीत या तिघांना तीन मुठी होत्या. मूठ आडवी केली की पाइप बंद, पाइपाच्या रेषेत उभी केली की चालू. तिथून पुढे तिन्ही पाइप एक होऊन पंपात शिरायचे. पुढे फिल्टरवर पाण्याचा दाब दाखवणारा काटा होता, आणि पंपाच्या तोंडाशी काचेचं झाकण होतं, त्यातून आतलं पाणी दिसायचं.

म्हणजे दिसायला हवं होतं. दिसत होते नुसते बुडबुडे. पंप सुरू केला की थोडं पाणी यायचं, मग खोकल्यासारखा आवाज, मग फेस, आणि मग मोटर कोरडीच गरगर फिरायची. कुठूनतरी हवा शिरत होती. भागूबाईनं झाकणाचं रबर बदललं. सासऱ्यांनी सांधे पुन्हा चिकटवले. बादलीनं पंपात पाणी भरून बघितलं, तर बंद केल्याबरोबर ते सगळं उलटं तलावात पळायचं. म्हणून सासऱ्यांनी तिन्ही पाइप एकत्र होतात त्याच्या पुढे एक नवा व्हॉल्व्ह बसवला, पाण्याला फक्त पंपाकडे जाऊ देणारा. "आता बघ, आत आलेलं मागे जायचं नाव घेणार नाही," म्हणून मिशीवर हात फिरवला. खरंच मागे जाईना. पण मुळात आत यायलाच तयार नव्हतं, त्याला व्हॉल्व्ह काय करणार?

इकडे तलावाचं पाणी हिरवट व्हायला लागलं. पोरांच्या पोहण्याच्या शर्यती तोंडावर आलेल्या. क्लबाचा मॅनेजर सकाळ-संध्याकाळ काठावर येऊन नाकाला रुमाल लावून उभा राहायचा, जणू काही याच दोघांनी रात्री येऊन त्यात रंग ओतला होता. "काय करताय काय तुम्ही लोक?" तो विचारायचा. सासरे खवळायचे, आणि त्याचं उत्तर म्हणून पाण्यात उडी मारायचे.

आता चूक कुठे झाली ते ऐका. पंप चालू असताना पाण्यात उतरायचं नाही, हा नियम खुद्द सासऱ्यांचाच होता. पहिल्याच दिवशी त्यांनी तो सुनेला बोट नाचवून सांगितला होता. "तळाचं तोंड राक्षस आहे. त्याच्यापाशी लाड नाहीत." पण जो पंप पाणीच ओढत नाही, त्याला राक्षस कोण म्हणणार? म्हातारा पंप चालू ठेवून खाली जायला लागला. तळाच्या तोंडावर पंजा ठेवायचा, ओढ लागते का बघायचं, आणि वर येऊन ओरडायचं, "काही नाही!" जाळीच्या आडून हाताला काही कळत नाही म्हणून जाळीही काढून काठावर ठेवली. भागूबाईनं पहिल्यांदा आकांत केला.

"बाबा, नका ना! तुम्हीच म्हणाला होतात ना, पंप चालू असताना..."

"अगं, मेलाय तो पंप. मेलेला काय चावणार?"

"मग हात तरी कशाला लावून बघायचा?"

"माझा पंजा हाच माझा काटा. तू तुझी काच बघ."

दुसऱ्या दिवशी तिनं थोडा कमी आकांत केला. चार दिवसांनी नुसती कुरकुर. पुढे पुढे तर तीच पंपाच्या खोलीच्या खिडकीतून विचारायला लागली, "लागली का ओढ?" घाबरट माणसाचं असंच होतं बघा. हजार गोष्टींना घाबरता घाबरता जिला खरंच घाबरायला हवं, ती गोष्ट डोळ्यांसमोरून निघून जाते आणि कळतही नाही.

त्या दिवशी सकाळपासून तिला बरं वाटत नव्हतं, पण तसं तर तिला रोजच वाटत नसे. मॅनेजर येऊन बोलून गेला होता. सासऱ्यांच्या कानशिलाच्या शिरा अजून उडत होत्या. त्यांनी सकाळीच बुडी मारून तळाचं तोंड हातानं साफ करून ठेवलं होतं, एक पानसुद्धा ठेवलं नव्हतं.

"आज एकेक पाइप बंद करून बघायचं," ते म्हणाले. "ज्यातून हवा शिरत असेल तो बंद झाला की पंप पाणी धरणारच. आधी झाडूचा बंद कर, मग काठाचा. मी खाली तोंडापाशी हात ठेवून बघतो."

"बाबा, तुम्ही वरच थांबा ना आज. पंपानं पाणी धरलं तर मला काचेत दिसेलच की."

"तुला काचेत दिसेल. मला काय दिसेल? तुझं तोंड?"

"मला कसंतरीच होतंय."

"तुला जन्मल्यापासून कसंतरीच होतंय, भागूबाई. जा, मुठी धर."

ती गेली. पंपाची खोली कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागच्या अंगाला होती. तिथून तलाव दिसत नसे. भिंतीत उंचावर एक जाळीची खिडकी होती, तिच्यातून फक्त आवाज जायचा-यायचा. तिनं पंपात पाणी भरलं, झाकण आवळलं, बटण दाबलं. मोटर घरघरली. काचेत नेहमीचाच फेस.

"झाडूचा बंद केला, बाबा!"

डुबुक असा आवाज आला. मग थोड्या वेळानं पाणी फुटल्याचा, आणि मग सासऱ्यांचा, "काही नाही!"

"आता काठाचा बंद करते!"

"कर कर, लवकर कर!" आणि पुन्हा डुबुक.

काठाच्या पाइपाची मूठ घट्ट झाली होती. तिनं दोन्ही हातांनी जोर लावून ती आडवी केली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग काचेतला फेस पातळ झाला. बुडबुडे मोठे झाले, मग तुरळक झाले. खोकणाऱ्या मोटरनं एक लांब आवंढा गिळला, आणि तिचा आवाज एकदम भरदार झाला. काच काठोकाठ भरली. आत पाणी आहे की नाही कळू नये इतकं ते नितळ, एक बुडबुडा म्हणून नाही. फिल्टरवरचा काटा सरसर वर चढला.

"बाबा!" ती टाळ्या पिटत ओरडली. "धरलं! पाणी धरलं! काठाच्याच पाइपात होती हो हवा!"

उत्तर आलं नाही. येतील वर, म्हणून ती काचेकडे बघत राहिली. इतक्या दिवसांनी ते पाणी बघून तिला भरून आलं होतं, ही खरी गोष्ट आहे. आता मॅनेजरचं तोंड बंद होईल, आता बाबा पाण्यातून बाहेर निघतील, आता घरी जाऊन सासूबाईंना सांगता येईल.

तेवढ्यात आवाज बदलला. भरदार होता तो बारीक झाला, चिरका झाला. काचेतलं पाणी थरथरलं आणि खाली बसायला लागलं. फिल्टरचा काटा उतरला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ओढ आहे पण पाणी येत नाही, म्हणजे पाइपाच्या तोंडावर काहीतरी बसलंय. पानं असतील, तिच्या मनात आलं. ओढू दे थोडं, निघतील.

आणि ती थांबली. हात बटणावर होता, तरी थांबली. पुढे किती तरी दिवस झोपेतून दचकून उठल्यावर तिला हेच आठवायचं, की पंप किंचाळत होता आणि आपण पानं निघायची वाट बघत उभ्या होतो.

मग तिच्या लक्षात आलं. पानं कुठली? तोंड तर सकाळीच साफ केलंय. जाळीसुद्धा काठावर काढून ठेवलीय. मग तोंडावर काय बसलंय?

तिनं बटण बंद केलं आणि खिडकीकडे तोंड करून ओरडली, "बाबा! बाबा, ओ द्या!"

मोटर थांबल्यावर खोलीत जी शांतता झाली, तशी शांतता कुणावर येऊ नये. बाहेरून ना डुबुक, ना पाणी फुटल्याचा आवाज, ना "काही नाही."

ती धावली. कपडे बदलायच्या खोल्यांना वळसा घालताना चपला कुठे गेल्या कळलं नाही, ओल्या फरशीवर गुडघ्यावर आपटली, उठली. तलाव अगदी स्वस्थ होता. खुर्चीवर सासऱ्यांचा टॉवेल, त्यावर त्यांचा चष्मा. आयुष्यात पहिल्यांदा ती खोल बाजूच्या काठाशी गेली आणि वाकून आत बघितलं.

हिरवट पाण्यात तळाशी तिला त्यांचे पांढरे केस दिसले. ते ओणवे झाले होते. उजवा हात तळाला टेकलेला, खिळ्यानं ठोकून ठेवल्यासारखा. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं होतं आणि दोन्ही पाय तळाला रोवून ते स्वतःलाच वर उपसत होते. सुटत नव्हते. त्यांनी मान वर केली. तिच्याकडे बघितलं.

"वॉचमन! अहो वॉचमन! धावा हो कुणीतरी!" फाटक मैदानाच्या पार पलीकडे होतं. तिचा आवाज तिलाच परका वाटला. तिनं तळ घासायचा लांब बांबू उचलला आणि ब्रशाचं टोक खाली सोडलं. सासऱ्यांनी ते डाव्या हातानं पकडलं. तिनं जीव खाऊन ओढलं. त्यांचं सगळं अंग वर आलं, हात ताणला गेला, पण पंजा जागचा हलला नाही. त्यांच्या तोंडातून बुडबुड्यांचा एक मोठा झुबका निघाला आणि बांबू त्यांच्या हातातून सुटला.

पंप तर बंद केलाय! मग का सोडत नाही? का सोडत नाही हा मेला पाइप? कानात भणभणत होतं, आणि त्या भणभणाटात तिला सासऱ्यांचंच बोलणं ऐकू आलं. आत आलेलं मागे जायचं नाव घेणार नाही. तो नवा व्हॉल्व्ह! पंप थांबला तरी व्हॉल्व्हनं पाणी मागे सोडलं नव्हतं. झाडूची मूठ बंद, काठाची मूठ बंद, तळाचं तोंड पंजानं बंद. पाइपाला श्वास घ्यायला कुठून जागाच नव्हती. इथे कितीही ओढा, बाबा सुटायचे नाहीत. त्यांना धरून ठेवणारी मूठ तिकडे खोलीत होती, आणि ती हिनंच आडवी केली होती.

म्हणजे परत जायला हवं होतं. त्यांना असं तळाशी सोडून, पाठ फिरवून. अंगातला कण न्‌ कण म्हणत होता की काठ सोडू नकोस, डोळे त्यांच्यावरून काढू नकोस, डोळे काढलेस की संपलं. खाली त्यांनी अजून मान वर धरली होती. सांगणार कसं? पाण्यातून काय ऐकू जाणार? ती उठली आणि पळाली.

काठाची मूठ हलेना. घामानं हात सटकत होते. तिनं पदराचं टोक गुंडाळून धरलं, अंगाचा सगळा भार टाकला, तोंडानं काय बडबडत होती तिचं तिला ठाऊक नाही. देवाचं नाव होतं की शिव्या होत्या, दोन्ही असतील. मूठ थोडी फिरली. पाइपानं घट्कन आवाज केला, मग गटागटा पाणी प्यावं तसा, आणि काठाच्या पाइपातली हवा सूं करत आत घुसली. इतके दिवस जिच्या नावानं दोघांनी खडे फोडले, ती हवा.

ती पुन्हा धावली. या वेळी पाण्यावर बुडबुडे होते, आणि बुडबुड्यांच्या मागोमाग पांढरे केस वर आले. पण तोंड खालीच. हात सुटे, सैल.

"बाबा, बांबू धरा! धरा ना हो!"

कुणी धरला नाही. आता हिला पोहता येत नाही, हे सगळ्या क्लबाला माहीत होतं. घोट्याच्या वर कधी पाणी लागू दिलं नव्हतं तिनं. लोखंडी शिडी होती, तिचा दांडा तिनं डाव्या हातानं धरला आणि साडीसकट पाण्यात उतरली. कमरेपर्यंत. छातीपर्यंत. पायाखालच्या पायऱ्या संपल्या तेव्हा पाणी हनुवटीला लागलं आणि ती मोठ्यानं रडत होती, पण उजव्या हातातला बांबू तिनं सासऱ्यांच्या पाठीमागून नेला आणि ब्रशानं त्यांना आपल्याकडे ढकलत, लोटत, ओढत आणलं. दंड हाताला लागला. तो तिनं असा धरला की नखं रुतली. त्यांचं तोंड पाण्याबाहेर काढून आपल्या खांद्यावर घेतलं.

वॉचमन धापा टाकत आला. दोघांनी मिळून त्यांना फरशीवर घेतलं, कुशीवर वळवलं, पाठीवर थापा मारल्या. काहीच होईना. भागूबाईनं आणखी एक थाप मारली, आपल्या सासऱ्यांना कुणी मारू नये इतक्या जोरात. त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज आला, आणि मग पाणी आलं, भरपूर पाणी, आणि मग खोकला. तो खोकला ऐकून वॉचमन मटकन खाली बसला. मग उठून फोन करायला पळाला.

तिनं टॉवेल पांघरला. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचा उजवा तळहात काळानिळा पडून टम्म फुगला होता आणि त्यावर पाइपाच्या तोंडाचा गोल वळ उमटला होता. ते थरथरत होते. डोळे उघडले होते, आणि ते तिच्याकडे असे बघत होते की तिचा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी पुन्हा टांगणीला लागला. या माणसाला घाबरलेलं तिनं कधी बघितलंच नव्हतं. रागावलेत, तिला वाटलं. रागावणारच. मूठ मीच बंद केली. मी पंपाजवळ उभी राहिले.

"बाबा, चुकले मी," ती म्हणाली. "मला आवाज कळला होता. मला वाटलं, पानं आहेत. मी थांबले. मला लगेच..."

त्यांनी डावा हात हलवून तिला गप्प केलं.

"तू आलीस," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "मला दिसलीस. वाकलेली."

"हो."

"मग उठलीस. आणि गेलीस."

व्हॉल्व्ह, मूठ, हवा, सगळं ती सांगायला निघाली आणि थांबली. कारण त्यांच्या डोळ्यांत काय आहे ते तिला आत्ता कळलं. तो राग नव्हता.

"मला वाटलं, घाबरून पळालीस," म्हातारा म्हणाला. "खाली मी शिव्या देत होतो गं तुला. आई-बापावरून. पळाली, मला मरायला टाकून पळाली म्हणून." सुजलेला हात त्यांनी छातीशी धरला. "मूठ फिरली नसती तर तसाच गेलो असतो मी. तुला शिव्या देत."

पाण्यात उतरतानाही ती इतकी घाबरली नव्हती. हे असं होऊ शकलं असतं. कुणाला कधी कळलंही नसतं, आणि ती जन्मभर सासूबाईंसमोर बसून सांगत राहिली असती की मी खूप प्रयत्न केला हो, आणि एक माणूस मात्र तसं न मानता निघून गेला असता.

तिला हुंदका आवरेना. म्हाताऱ्यालाही आवरेना. फाटकाबाहेर गाडीचा भोंगा ऐकू आला, वॉचमन कुणालातरी "इकडून, इकडून" म्हणून ओरडत होता. सासरे डोळे मिटायला लागले तशी ती दचकली आणि त्यांचा खांदा गदगदा हलवला.

"द्या शिव्या," ती म्हणाली. "आता द्या, बाबा. मोठ्यानं द्या, आई-बापावरून द्या, पण डोळे मिटू नका. बोलत राहा माझ्याशी."

त्यांनी डोळे उघडले, तोंड उघडलं, पण एकही शिवी आठवेना. मग ते तिचं खरं नाव घ्यायला लागले, पुन्हा पुन्हा, आणि ती प्रत्येक वेळी ओ देत राहिली.